दशांशचिन्हानंतरचं पाणी

पहाटे पावणेचारला पाण्याची खोली
जनावरासारखी धापत असते.
पंप, वाळूची टाकी, कोळशाची टाकी,
मग ती लांब पांढरी नळकांडी
आणि भिंतीवर, माझ्या खांद्याच्या उंचीला,
एक हिरवा आकडा: ०.०३.
दर दोन सेकंदांनी तो स्वतःला पुन्हा वाचतो,
मी वाचला नाही तरी.

निकानोर होता तेव्हा हे काम डोळ्यांचं होतं.
काचेच्या नळीत पाणी, पाण्यात चिमूटभर पूड,
नळी खिडकीशी धरायची: गुलाबी झालं का?
किती गुलाबी?
म्हातारा म्हणायचा, तान्ह्याच्या नखाइतकं चालतं,
त्यापुढे नाही.
मग त्याला मोतीबिंदू झाला
आणि त्यानं कुणाला सांगितलं नाही.
त्या वर्षीच्या एका दुपारबद्दल मी बोलत नाही.
एवढंच, की नळ्यांमधलं रक्त
जास्वंदीच्या सरबतासारखं आरपार दिसू लागलं,
आणि सहा नंबरच्या खुर्चीवर
पुढे महिनाभर कुणी बसेना.

बाहेर तोडीचा हंगाम. पेटवलेल्या फडांची राख
अंगणात उतरते, काळी पिसं जशी.
लेंपा नदीच्या या अंगाला
पुरुष चाळिशीला पोचतात ते मूत्रपिंडं मागे ठेवून,
सरीत, उन्हात, कोयत्यापाशी.
कुणी म्हणतं ऊन, कुणी म्हणतं फवारा.
माझ्या बापाच्या वेळी तर खुर्चीच नव्हती.

एलेउतेरिओ अबार्का सगळ्यांत आधी येतो,
दूधवाल्याच्या गाडीत कॅनांमध्ये बसून.
दिवसाला अर्धा लिटर मुभा त्याला,
त्यातच सूप, त्यातच कॉफी.
आणि इथे चार तासांत त्याच्या रक्ताशेजारून
एकशेवीस लिटर पाणी जातं.
"इसिद्रा," तो म्हणतो,
"तहानलेला बैल नदीकाठी बांधलाय तुम्ही."
मी त्याला बर्फाचा एक खडा देते. वहीत मांडते.

०.०४.
मी काच पुसते.
०.०४. मग ०.०६.
चढताना आकड्याचा आवाज होत नाही.
०.१० ला शिट्टी.

पाणीपुरवठ्यावर फोन. रात्रपाळीचा पोरगा
झोपेतही अभिमानानं सांगतो:
बाजाराजवळ पाइप फुटला होता, काळजी नको बाई,
क्लोरिन दुप्पट सोडलंय, पाणी एकदम स्वच्छ.

स्वच्छच आहे.
गावानं प्यावं, पोरांना न्हाऊ घालावं.
पण तोंडाला चालतं ते रक्ताला चालत नाही.
मध्ये पोट नावाची एक बाई बसलेली असते,
निवडून, पाखडून आत घेणारी.
इथे ती नाही. इथे मी आहे.

मी झडप बंद करते.
कोळशाची दुसरी टाकी डिसेंबरपासून रिकामी;
पत्र राजधानीला गेलंय.

बाहेर येऊन सांगते: आज साडेनऊ, आधी नाही.
अकरा माणसं. कुणी ओरडत नाही. ओरडले असते तर बरं.
क्लेओताल्देबाई तेवढ्या म्हणतात,
"पण नितळ तर दिसतंय की."

करवंटीच्या कोळशाची पोती गोदामात.
एलेउतेरिओला उचलू देत नाही मी,
तो सुजल्या पायांवर उभा राहून विजेरी धरतो.
वॉचमन आणि मी पोती फोडतो, ओततो,
कोपरापर्यंत काळे.
"आता तूही फडातली दिसतेस," तो म्हणतो.
पाणी गटारात सोडत राहतो: काळं, करडं,
मग पाण्याच्या रंगाचं,
ज्याच्यावर माझा विश्वास नाही.

०.३१. ०.१९.
ज्वालामुखीमागून ऊन येतं.
अक्षरं येत नाहीत त्याला, आकडे येतात,
उसाचे टन मोजून शिकलेले.
"कितीवर यायला हवं? शून्य?"
शून्य नको, मी म्हणते.
शून्य दिसलं की मी यंत्रालाच ठोकून बघते.

०.०९. ०.०५.
०.०३.
तो बाही वर सरकवतो.
आणखी वीस मिनिटं, मी म्हणते.
नियमात ही वीस मिनिटं नाहीत.
निकानोरची आहेत.